परसातली तंबाखू आणि घरचे बियाणे

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मेळावा कापूस-ज्वारीवाल्यांचा आणि भाषणाचा विषय तंबाखू. पत्रक वाचून मंडपात शिरतानाच दोघातिघांनी विचारले, "भाऊ, तंबाखू लावायला सांगता की सोडायला?" तेवढे आधी साफ करून टाकू.

तंबाखू खाण्यासाठी लावा, असे सांगायला आम्ही उभे राहिलेलो नाही. खर्ऱ्याने आपल्या भागातली किती तोंडे उघडेनाशी झाली, ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो यात आता वाद उरलेला नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच आहे. ज्याला सोडता येईल त्याने आजच सोडावी. एकरभर तंबाखू लावून पैसा करा, असेही आमचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच आहे की परसात, घरच्या पाण्यावर, जुन्या गावरान तंबाखूची पंचवीस-तीस झाडे बियांपासून वाढवा आणि त्यांचे बियाणे घरी धरा. कशासाठी, ते आता ऐका.

सरकी गेली कुठे?

मृग जवळ आला की आपण काय करतो? कृषी केंद्रापुढे रांगेत उभे राहतो. अर्धा किलोही न भरणारे सरकीचे पाकीट रोख मोजून किंवा उधारीवर आणतो. ते उगवले नाही तर पुन्हा आणतो. आपल्या आजीच्या काळी घरातलीच सरकी शेणकाल्यात घोळून पेरली जात होती. ज्वारीची निवडक कणसे चुलीच्या धुरात आढ्याला टांगलेली असत. त्या घरात पैसा नव्हता, पेरणीच्या दिवशी बियाणे मात्र होते.

हे एका दिवसात गेले नाही. १९६४ साली ज्वारीचा सीएसएच-१ हा संकरित वाण आला. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ ही संकरित कपाशी दिली. व्यापारी लागवडीत आलेली ती जगातली पहिली संकरित कपाशी. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. या वाणांनी उत्पन्न वाढवले हे नाकारण्यात अर्थ नाही. आपण ते डोळे मिटून लावले नव्हते, हिशेब करून लावले होते. शेतकऱ्याला जे परवडेल ते त्याने लावावे, त्यात कोणी आडवे येऊ नये, ही आमची भूमिका आजही तीच आहे.

पण संकरित वाणाची एक खोड आहे. त्याची सरकी दुसऱ्या वर्षी पेरली तर आई-बाप, आजा-पणजा सगळे वेगवेगळे होऊन शेतात उभे राहतात. एक झाड उंच, एक बुटके, एकाचे बोंड मोठे, एकाचे बोराएवढे. म्हणून दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते. तीस-चाळीस वर्षे असे घेत गेलो आणि बियाणे धरायचे कसे हेच घरातून निघून गेले. बियाणे विकत घेणे ही एक गोष्ट झाली. ते धरण्याची विद्याच विसरणे ही दुसरी, आणि ती जास्त महाग पडते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली बीटी कपाशी पोखरली. त्या साली दुसरे बियाणे पेरायचे म्हटले असते, तर आपल्यापैकी किती जणांच्या घरात ते होते? ज्याच्यापुढे दुसरा पर्याय नाही तो गिऱ्हाईक राहत नाही, तो वेठीला लागतो.

मग तंबाखूच का?

बियाणे धरण्याची विद्या पुन्हा शिकायची तर सोप्या धड्यापासून सुरुवात करावी. तंबाखूइतका सोपा धडा दुसरा नाही. कारणे मोजून घ्या.

पहिले, तंबाखूचे फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते. फूल उमलते त्या सुमारासच आतले पराग मोकळे होतात. माशी-पाखरांनी होणारी भेसळ थोडी असते आणि एका कापडी पिशवीने ती थांबवता येते.

दुसरे, एक ग्रॅम बियाण्यात दहा हजारांच्या वर दाणे असतात. एका बोंडात दोन हजारांच्या आसपास दाणे भरतात. म्हणजे एका झाडाची पन्नास बोंडे राखली तर लाखभर दाणे झाले. एका झाडाचे बियाणे सगळ्या गावाला पुरून उरते.

तिसरे, कोरड्या जागी नीट ठेवले तर हे बियाणे पाच-सात वर्षे उगवते. एखादे वर्ष दुष्काळात गेले तरी वंश बुडत नाही.

चौथे, गावरान म्हणजे काय हे तंबाखू चांगले शिकवते. ही आपली वनस्पती नव्हेच. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्याला लागली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबर बादशहाचा माणूस असद बेग विजापूरला आला, तेव्हा तिथे त्याला तंबाखू दिसली आणि नवलाची वस्तू म्हणून ती तो आग्ऱ्याला घेऊन गेला. म्हणजे उत्तरेच्या दरबाराला तंबाखू दाखवली ती दख्खनने. त्यानंतर चारशे वर्षे कोणतेही विद्यापीठ नसताना शेतकऱ्यांनी आपापल्या मातीत, आपापल्या गरजेप्रमाणे झाडे निवडली. विडीची वेगळी, हुक्क्याची वेगळी, तपकिरीची वेगळी, चघळायची वेगळी. परदेशी झाड निवडीने गावरान झाले. मिरचीचे तेच झाले. तेव्हा बियाणे कुठून आले याला फार महत्त्व देऊ नका. दरवर्षी त्यातले चांगले कोण निवडतो आणि कोण जपून ठेवतो, याला महत्त्व आहे.

पाचवे कारण इतिहासाचे. इंग्रज सरकारने १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसवला. कारखान्यात जाण्याआधीच्या पानावरसुद्धा कर. शेतकऱ्याने आपल्या घरात किती माल ठेवला आहे याची झडती इन्स्पेक्टर घेऊ लागला. इंग्रज गेले, पण हा कर १९७९ च्या अंदाजपत्रकापर्यंत राहिला. तो उठला तरी भाव व्यापाऱ्याच्याच हातात होता. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर रस्ता अडवून धरला, गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. यातला बोध असा की निपाणीच्या शेतकऱ्याच्या हातात बियाणे होते, भाव नव्हता. म्हणून बियाणे घरी आले की सगळे दुःख सरले, असे भाबडे गणित आम्ही मांडत नाही. बियाणे हा एक हात, भाव हा दुसरा. आपल्या कापूसवाल्याचे आज दोन्ही हात बांधलेले आहेत. त्यातला एक तरी आपला आपल्याला सोडवता येतो.

बियाणे कोणते आणावे?

कोल्हापूर, सांगली, निपाणी या भागात सोयरेधायरे असतील तर त्यांच्याकडून चमचाभर बियाणे मागवा. आपल्या गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या वाडीत आपोआप उगवणारी झाडे असतील तर ती सगळ्यांत चांगली. पूर्वी गावठाणाच्या पांढऱ्या मातीत आणि खाऱ्या विहिरीजवळ तंबाखू लावायची रीत होती. अशा जागा आधी बघा.

तंबाखूच्या दोन जाती ओळखून ठेवा. लांब, देठाशी झाडाला चिकटलेली पाने आणि गुलाबी फूल ही एक. ठेंगणे झाड, देठ असलेले गोलट जाड पान आणि हिरवट-पिवळे फूल ही दुसरी. तिला थंडी जास्त मानवते. सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू मात्र आणू नका. १९७५ च्या तंबाखू मंडळ कायद्याप्रमाणे ती पिकवायला नोंदणी लागते.

बियाणे घेताना माती-कचरा सोबत येऊ देऊ नका. ज्वारीला जसा टारफुला, तसा तंबाखूला बंबाखू. तोही मुळावर जगतो, त्याचे बी धुळीसारखे बारीक असते आणि जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. तंबाखूच्या पट्ट्यातून ते फुकट घरी आणायला नको.

रोप

जूनच्या शेवटी किंवा जुलैत एक मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर उंच गादीवाफा करा. त्यावर पालापाचोळा, गोवऱ्यांचा चुरा जाळून भाजणी करा. कोकणात भाताच्या राबाला करतात तशी. तणाचे बी आणि बुरशी दोन्ही मरतात. वरची माती चाळणीने चाळलेली हवी.

एवढ्या वाफ्याला अर्धा ग्रॅम बियाणे पुष्कळ झाले. चिमटीने टाकाल तर एका जागी हजार दाणे पडतील. म्हणून मूठभर चाळलेल्या राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून दोनदा आडवे-उभे फेका. वर माती टाकू नका. तंबाखूच्या दाण्याला उगवायला उजेड लागतो. नुसते फळीने दाबा, वर गवताचा विरळ थर द्या. पाणी बारीक छिद्राच्या झारीने, थोडे थोडे, दिवसातून दोनतीनदा. सात ते दहा दिवसांत हिरवी साय धरल्यासारखे दिसेल. मग गवत काढा, दाटी विरळ करा आणि पाणी कमी करा. या वेळी ओल जास्त झाली तर रोपे बुडाशी कुजून माना टाकतात. तसे दिसले तर बोर्डो मिश्रण वापरा.

सहा-सात आठवड्यांत रोप वीतभर होते. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ बघून लावणी करा. दोन झाडांत अडीच-तीन फूट ठेवा. कुजलेले शेणखत खड्ड्यात टाका. पहिला महिना निंदण आणि हलकी खुरपणी, पुढे झाड स्वतःच जमीन झाकते.

दोन सावधगिऱ्या इथेच सांगतो. मिरची, टोमॅटो, वांगी यांच्या शेजारी तंबाखू लावू नका. ही सगळी एकाच कुळातली आहेत. तंबाखूचा मोझॅक नावाचा विषाणू हाताने पसरतो आणि विडी-खर्ऱ्याच्या हातालाही तो असू शकतो. रोपाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. दुसरी सावधगिरी, दंव किंवा पाऊस असलेल्या ओल्या पानांत उघड्या अंगाने शिरू नका. निकोटीन कातडीतून आत जाते, मळमळ, चक्कर, उलटी होते. लेकरे आणि गुरे या झाडांपासून दूर ठेवा.

बियाण्याचे झाड

आता खरा धडा. पंचवीस-तीस झाडांतून पाच-सहा झाडे बियाण्याला निवडायची. निवड फुलोऱ्याआधी करायची, पीक आल्यावर नाही. वाफ्याच्या कडेचे झाड नेहमीच जोमदार दिसते, त्याला मोकळी जागा मिळालेली असते. त्याला भुलू नका, मधल्या झाडांतून निवडा. रोग नसलेली, एकसारख्या पानांची, आपल्याला हव्या त्या ठेवणीची. वेगळी दिसणारी झाडे फुलण्याआधी उपटा. बाकीच्यांचे शेंडे खुडा म्हणजे त्यांचा पराग उडणार नाही.

निवडलेल्या झाडाला पहिली कळी फुगली की जुन्या मलमलच्या धोतराची किंवा पातळ लुगड्याची पिशवी शेंड्यावर चढवा आणि खाली सैलसर बांधा. आधी उमललेली फुले आणि धरलेली बोंडे तोडून टाका, कारण त्यांचा बाप कोण ते आपल्याला ठाऊक नाही. दर तीन-चार दिवसांनी पिशवी वर सरकवा, गळालेल्या पाकळ्या झटका, नाहीतर बुरशी येते. चाळीस-पन्नास बोंडे धरली की उरलेल्या कळ्या काढा, म्हणजे दाणा टच्च भरतो.

तीन-चार आठवड्यांत बोंडे तपकिरी होतात. पूर्ण वाळून फुटायची वाट बघू नका. शेंडा कापा, पिशवीसकट सावलीत उलटा टांगा. वाळल्यावर चोळा, बारीक चाळणीने चाळा आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत तळाशी वाळलेली राख, वर कापडाच्या पुडीत बियाणे असे ठेवा. आत चिठ्ठी टाका: बियाणे कोणाकडून आले, कोणत्या साली धरले, झाड कसे होते. चिठ्ठी नसलेले बियाणे म्हणजे सात-बारा नसलेली जमीन. पुढच्या वर्षी पेरण्याआधी ओल्या फडक्यावर शंभर दाणे उजेडात ठेवून किती उगवतात ते मोजा.

पानांचे काय करायचे? खड्ड्यात कुजवा. तंबाखूचा काढा मावा मारतो, हे कृषी महाविद्यालयात आम्ही शिकलो आणि जुन्या पुस्तकांत त्याची कृतीही आहे. ती कृती आज या व्यासपीठावरून आम्ही सांगणार नाही. निकोटीन सल्फेट या औषधाच्या वापराला आपल्या देशात बंदी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण पाहिले आहे. घरी केलेले विष हेही विषच असते.

तंबाखूवरून ज्वारीकडे, ज्वारीवरून कपाशीकडे

एकदा हात बसला की हाच धडा पुढे न्यायचा. ज्वारीत परपराग शेकडा पाच-पंधरापर्यंत होतो, म्हणून कणीस पोटरीतून बाहेर पडले की फुलण्याआधी कागदी पिशवी घालायची. कणसे खळ्यावरच्या ढिगातून निवडायची नाहीत, उभ्या शेतातून निवडायची. आपली रब्बीची मालदांडी ३५-१ आठवा. ती सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात, शेतकऱ्यांच्या मालदांडीतूनच निवडलेली आहे. १९३० च्या दशकातले ते काम अजून खाऊ घालते आहे.

कपाशी हा अवघड धडा, म्हणून तो शेवटी. मधमाश्या जितक्या जास्त तितकी भेसळ जास्त. उपाय मात्र दोऱ्याचा आहे. उद्या सकाळी उमलणारे फूल आज संध्याकाळी ओळखू येते, पाकळ्यांचा सुळका बाहेर आलेला असतो. त्याचे टोक दोऱ्याने बांधायचे, दोऱ्याचे दुसरे टोक देठाला. फूल उमलतच नाही आणि आतल्या आत फळते. तो दोरा बोंडावर खूण म्हणून राहतो. हे संकरित कपाशीवर करून उपयोग नाही, सरळ वाण हवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे एकेए-७, एकेए-८४०१ हे देशी कपाशीचे सरळ वाण आहेत. एका ओळीपासून सुरुवात करा. सगळे शेत पणाला लावू नका. बाकीच्या शेतात जे परवडते तेच पेरा.

कोणी म्हणेल, कायदा काय म्हणतो? २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचे कलम ३९ पाठ करून ठेवा. शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडचे नाव लावून विकता येत नाही. कायद्याने हक्क दिला आहे, पण हक्क वापरायला लागणारी विद्या कायदा देत नाही.

सरकारने बियाणे जपलेले नाही असे नव्हे. राजमहेंद्रीला १९४७ साली तंबाखू संशोधन संस्था उभी राहिली, तिथे जगभरचे तंबाखूचे वाण ठेवलेले आहेत. पिकांचे वंश जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे एक केंद्र आपल्या अकोल्यालाही आहे. चांगलेच काम आहे ते. पण शीतगृहातल्या बियाण्याला यंदाचा उन्हाळा माहीत नसतो, यंदाची अळी माहीत नसते. ते शिक्षण शेतातच होते, आणि त्यासाठी बियाणे दरवर्षी मातीत जावे लागते.

मायबहिणींना शेवटचे सांगणे. बियाण्याचे गाडगे कायम तुमच्याच हातात होते. कोणते कणीस टांगायचे, कोणती भोपळ्याची बी राखेत घोळायची, हे तुम्ही ठरवत होता. दुकानाचे पाकीट आले आणि तो निर्णय तुमच्या हातून गेला, तुम्हाला कोणी विचारलेही नाही. तो निर्णय परत घ्या.

कार्यक्रम साधा आहे. प्रत्येक गावात पाच घरे. पहिल्या वर्षी परसात तंबाखू, दुसऱ्या वर्षी धुऱ्याजवळ ज्वारीच्या चार ओळी, तिसऱ्या वर्षी देशी कपाशीची एक ओळ. भावासाठी रस्त्यावर यायचे ते येऊच, त्याची तारीख जिल्हा समिती कळवेल. बियाण्यासाठी मात्र कोणाच्या दारात निवेदन द्यायला जायचे नाही, आपल्या परसात जायचे आहे. पुढच्या वर्षीच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक बाटली आणि आतली चिठ्ठी घेऊन यावे. इथेच मांडवात अदलाबदल करू.